सायकल, सुट्टी आणि द्राक्षे तोडणारे हात

‘वकीलसाहेब, पंचशील घेतलेल्या माणसाने दारूच्या मुलुखात सायकल फिरवायला जायचे, हे कसे काय?’ फ्रान्सहून परतल्यावर पहिल्याच रविवारी विहारात एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला सर्वांसमक्ष हा प्रश्न केला. प्रश्न रास्त आहे. चळवळीतल्या माणसाला असा जाब विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर विहारात पाच मिनिटांत देणे शक्य नव्हते, म्हणून ते येथे देत आहोत.

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही आणि आमच्या सहचारिणी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात पाच दिवस सायकलवर होतो. आमचा भाचा तिकडे संगणक अभियंता आहे. ‘मामा, तुम्ही आयुष्यात एकदाही रजा घेतलेली नाही,’ असे म्हणून त्याने हट्टाने नेले. दहा जणांचा गट, सोबत एक गाइड, सामान मागून गाडीने येणार. रांस शहरापासून डोंगर उतरून ओविलेर, तेथून एपेर्ने आणि मग मार्न नदीच्या काठाकाठाने दोरमांपर्यंत. दिवसाला फार तर तीस-पस्तीस किलोमीटर. वाट सपाट, एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला उतारावर लांबच लांब द्राक्षाच्या रांगा. घाई कसली नाही. दम लागला की थांबायचे, गावातली पाव-भट्टी दिसली की उतरायचे.

दारूचे आधी सांगून टाकतो. तळघरांत चव घेण्याचा कार्यक्रम रोजच होता. आम्ही दोघांनी पेला हातात घेतला नाही. गाइडला पहिल्याच दिवशी कारण सांगितले, त्याने द्राक्षाचा साधा रस मागवला आणि विषय संपला. शील पाळण्यासाठी गाव बदलावे लागत नाही, मन पक्के असावे लागते.

पण उपासकांच्या प्रश्नाच्या आत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या माणसाने सुट्टीवर जावे काय? आपल्याकडे सुट्टी म्हणजे चैन आणि चैन म्हणजे चळवळीशी गद्दारी, असा एक समज आहे. आमच्या घरात एक काळी सायकल होती. वडील तिच्यावरून रेल्वेच्या वर्कशॉपला जायचे, तिच्यावरून दळण यायचे, आजारी माणूस दवाखान्यात जायचा. सायकल सहलीलाही जाते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

फ्रान्सच्या कामगारालाही एके काळी ते ठाऊक नव्हते. १९३६ साली तेथे लेओं ब्लुम यांच्या नेतृत्वाखाली पॉप्युलर फ्रंटचे सरकार आले. लाखो कामगारांनी संप केला, कारखान्यांतच ठाण मांडले. जून १९३६ मध्ये कायदा झाला आणि कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पाठोपाठ आठवड्याला चाळीस तासांची मर्यादा आली. लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढले. ज्यांना तेही परवडले नाही ते सायकलवर निघाले. नवरा-बायको दोघे मिळून पॅडल मारतात ती जोड-सायकल त्या उन्हाळ्याचे चिन्ह ठरली. तीच रजा १९८२ पर्यंत पाच आठवड्यांची झाली. म्हणजे आज पर्यटन कंपन्या जी निवांत सायकल-सहल विकतात, तिची पहिली वाट संपकरी कामगारांनी पाडली आहे. रजा त्यांना कोणी दयेने दिलेली नाही.

आणि आपल्याला? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला. त्याच वर्षी काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात त्यांनी लिहिले की, माणसाला पशूच्या पातळीवरून वर यायचे तर फुरसत हवी. फुरसतीशिवाय संस्कृती नाही आणि यंत्राचा खरा उपयोग ही फुरसत निर्माण करणे हाच आहे. आपल्या संविधानाचा अनुच्छेद ४३ काढून पाहा. शेतावरचा असो की कारखान्यातला, प्रत्येक कामगाराला निर्वाह वेतन आणि फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा यासाठी राज्याने झटावे, असे तेथे लिहिले आहे. शेतावरचा कामगारही त्यात आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

तेव्हा सुट्टीची लाज आम्ही बाळगत नाही. लाज वेगळ्या गोष्टीची वाटली.

ओविलेरच्या मठाच्या चर्चमध्ये दों पेरिन्यों या साधूची कबर आहे. शॅम्पेनचे बुडबुडे त्यानेच शोधले, अशी आख्यायिका पर्यटकांना ऐकवली जाते. इतिहासकार ती मानत नाहीत. गाइड साधूवर बोलला, खडूच्या दगडात खोदलेल्या तळघरांवर बोलला, २०१५ साली युनेस्कोने या टेकड्यांना आणि तळघरांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यावरही बोलला. द्राक्षे तोडणाऱ्यांवर मात्र एकच वाक्य बोलला : ‘इथे सगळी तोडणी हातानेच होते, यंत्राला बंदी आहे.’

हात कोणाचे, हे त्याने सांगितले नाही. आम्ही विचारले. ‘पूर्वी गावातली आणि आसपासची कुटुंबे यायची. आता बरेच मळेवाले माणसे पुरवणाऱ्या कंपन्यांकडून मजूर घेतात,’ असे तो म्हणाला. आम्ही मनात म्हटले, म्हणजे मुकादम. बीड-उस्मानाबादच्या ऊसतोड कामगाराला ज्याची ओळख करून द्यावी लागत नाही तो. कारखानदार म्हणतो मजूर माझे नाहीत, मुकादम म्हणतो पैसा माझ्याकडे नाही, आणि मधल्या खड्ड्यात माणूस पडतो.

शॅम्पेनमध्ये हा खड्डा सप्टेंबर २०२३ मध्ये उघडा पडला. त्या हंगामात कडाक्याचे ऊन होते आणि तोडणीच्या दिवसांत किमान चार मजुरांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात मार्न खोऱ्यातील नेल-ले-रपों या खेड्यात कामगार निरीक्षकांनी एका इमारतीची तपासणी केली. आम्ही सायकलवरून गेलो त्या वाटेपासून हे खेडे फार दूर नाही. या प्रकरणात ५७ मजुरांचे शोषण झाल्याचे पुढे आले. बहुतेक पश्चिम आफ्रिकेतून आलेले, हाती वास्तव्याचा कागद नसलेले. निजायला जमिनीवरच्या गाद्या, घाणेरडे संडास, विजेच्या धोकादायक वायरी. २१ जुलै २०२५ रोजी शालों येथील न्यायालयाने तिघांना मानवी व्यापाराच्या गुन्ह्याखाली दोषी ठरवले. मजूर पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रमुख महिलेला चार वर्षांची शिक्षा झाली, पैकी दोन वर्षे स्थगित. द्राक्षव्यवसायातील एका कंपनीलाही दंड झाला. गुलामगिरीसारख्या वागणुकीला फ्रान्सच्या न्यायालयाने तिचे खरे नाव दिले, म्हणून वकील या नात्याने आम्ही या निकालाचे स्वागत करतो. पण आरोपीच्या पिंजऱ्यात मुख्यतः मुकादम उभा राहिला. ज्यांची नावे बाटल्यांवर सोनेरी अक्षरांत छापली जातात, ती बडी घराणी तेथे नव्हती.

आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ मध्ये फ्रान्स सरकारने एक हुकूम काढला. नावाजलेल्या प्रांतांत जेथे हाताने तोडणी होते, तेथे मजुराची साप्ताहिक सुट्टी तीस दिवसांत एकदा स्थगित करण्याची मुभा त्याने दिली. १९३६ साली ज्या देशाने पगारी रजेचा कायदा केला, त्याच देशात आमची सुट्टी साजरी व्हावी म्हणून दुसऱ्याची सुट्टी पुढे ढकलली जाते. सायकलवर बसलेल्या आमच्यासारख्या माणसाला हे कळल्यावर पॅडल जड होते.

‘शॅम्पेन’ हे नाव म्हणजे कायद्याने दिलेला अधिकार आहे. त्या प्रांताबाहेरच्या दारूला तेथे ते नाव लावता येत नाही. त्यासाठी नियमांची मोठी यादी आहे. द्राक्ष कोणत्या जातीचे, वेल कसा छाटायचा, एकरी पीक किती, घड अखंडच तोडायचा, तो चिरडता कामा नये. घड चिरडला तर नाव जाते, मग माणूस चिरडला तर का जाऊ नये? मजुराची झोपायची जागा, पिण्याचे पाणी, साप्ताहिक सुट्टी आणि वेळेवर मजुरी हे याच यादीत घाला. ज्या मळ्यावर मानवी व्यापार सिद्ध झाला, त्या मळ्याच्या पिकाला हे नाव लावता येणार नाही, असे लिहा. बडी घराणी दुसऱ्याच दिवशी मुकादमाच्या खोल्या तपासायला निघतील. नीतीचे व्याख्यान त्यांना पटणार नाही, पण नाव जाण्याची भीती नक्की पटेल.

हे आम्ही परक्या देशाला शहाणपण शिकवायला सांगत नाही. आपल्याकडे हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम घेणे म्हणजे अनुच्छेद २३ खालची वेठबिगारी, आणि ठेकेदार मध्ये आहे म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत. हा निकाल येऊन चार दशके झाली. तो किती ठिकाणी पाळला जातो, हे वाचकांनी आपल्या गल्लीत पाहावे.

एपेर्नेहून दोरमांकडे जाताना दुपारी रस्त्याकडेला तोडणीची एक टोळी जेवायला बसली होती. आमच्यातला एक तरुण सायकल टेकवून पाणी पीत होता. टोळीतला एक पोरगा उठून आला, सायकलची घंटी वाजवली, हसला आणि परत रांगेत गेला. त्याचा वार कोणता सुट्टीचा, हे विचारायला आम्हाला त्याची भाषा येत नव्हती.

आपल्या वस्तीत मात्र भाषेची अडचण नाही. घंटागाडीवर ठेकेदारामार्फत काम करणारी आपलीच मुले आहेत. त्यांतील कितीजणांना आठवड्याची पगारी सुट्टी मिळते, हे आम्ही त्या रविवारी विहारातच विचारले. हात वर झाले ते दोन. म्हणून उपासकांना आमचे उत्तर एवढेच : होय, आम्ही सुट्टीवर गेलो होतो आणि पुन्हा जाऊ. पण येत्या रविवारपासून विहारात सकाळी दहा वाजता घंटागाडी कामगारांचे अर्ज भरून घेण्याचे काम सुरू होत आहे. हजेरीकार्ड आणि पगाराची पावती असेल तर सोबत आणावी. नसेल तर तसेच यावे, कारण पावती न देणे हाही पुरावाच आहे.