‘साले’ विसरू, पण ‘तरी’चं काय?

वाचकहो, पुढाऱ्याची जीभ घसरली की आपल्याकडे चार दिवस पारावर, एस. टी. स्टँडवर अन् मोंढ्यात दुसरा विषय नसतो. पुतळे जाळले जातात, जोडे मारले जातात, मग पुढारी दिलगिरी व्यक्त करतो आणि पाचव्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. त्या गोंधळात एक गोष्ट राहून जाते. तो माणूस नेमकं काय बोलला आणि त्याच्या बोलण्यात हिशेब कोणता होता, हे कुणी तपासत नाही. म्हणून आज एक जुनं प्रकरण थंड डोक्यानं उकलून पाहू.

मे २०१७ मधली गोष्ट. भारतीय जनता पक्षाचे त्या वेळचे प्रदेशाध्यक्ष आणि जालन्याचे खासदार रावसाहेब दानवे जालन्यात कार्यकर्त्यांशी बोलत होते. तुरीचा विषय निघाला. सरकारनं आणखी एक लाख टन तूर खरेदीला परवानगी दिली, ‘तरी रडतात साले’, असं ते बोलून गेले. वाहिन्यांवर ते चित्रण झळकलं आणि राज्यभर वणवा पेटला. काँग्रेस-राष्ट्रवादी तर सोडाच, सत्तेत मांडीला मांडी लावून बसलेली शिवसेनाही तुटून पडली. आपण कार्यकर्त्यांशी बोलत होतो, शेतकऱ्यांना उद्देशून बोललो नाही, असा खुलासा दानव्यांनी केला आणि दिलगिरीही व्यक्त केली.

मग वाद सुरू झाला तो अर्थाचा. एक बाजू म्हणाली, ही सरळसरळ शेतकऱ्यांना शिवी आहे. दुसरी म्हणाली, रावसाहेब भोकरदनकडचा गडी, खेडवळ बोलणारा. ‘साला’ हा शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो, त्यात कसली आली शिवी? तिसरी बाजू म्हणाली, हा टोला शेतकऱ्यांना नव्हता, तुरीवरून राजकारण करणाऱ्यांना होता.

तिन्ही बाजू न्यायानं तपासू. ‘साला’ हा शब्द आपल्या बोलीत आहे, हे खरंच आहे. ‘साला, यंदा पाऊसच रुसला’ असं आपण म्हणतो तेव्हा कुणाला शिवी देत नसतो. बांधावरचा दोस्त दोस्ताला ‘काय साल्या, कुठं होतास?’ म्हणतो, त्यात तर मायाच असते. पण वाचकहो, तो शब्द बरोबरीच्या माणसाला शोभतो, कारण बरोबरीचा माणूस तोच शब्द परत देऊ शकतो. केंद्रावर ट्रॅक्टर लावून बसलेला शेतकरी प्रदेशाध्यक्षांना उलटून ‘साले’ म्हणू शकत होता का? नाही ना? मग दोस्तीच्या शब्दाचा आधार इथं लागू पडत नाही.

आता तिसऱ्या बाजूचं पाहू. ‘रडतात’ या क्रियापदाला कर्ता पाहिजे. तुरीसाठी त्या वेळी रडत होतं कोण? विरोधी पक्ष ओरडत होते, हे मान्य. पण रडायची पाळी आली होती ती ज्याच्या घरात तूर पडून होती त्याच्यावर. कर्ता बोलणाऱ्यानं सांगितला नाही, म्हणून ऐकणाऱ्यानं परिस्थितीवरून ओळखला. त्यात ऐकणाऱ्याचा दोष काय?

ती परिस्थिती आठवून पाहा. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली आणि दिल्लीपासून गल्लीपर्यंत हाहाकार झाला. मग सरकारनं सांगितलं, कडधान्य पेरा. २०१६ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलेलं. आपल्या शेतकऱ्यानं ऐकलं, पाऊसही पावला. देशातलं तुरीचं उत्पादन २०१५-१६ मध्ये सुमारे २५ लाख टन होतं, ते २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांच्या वर गेलं. एकट्या महाराष्ट्रात २० लाख टनांच्या आसपास तूर झाली. त्याच काळात बाहेरून कडधान्याची आयात जोरात सुरू होती, मोझांबिकशी तर २०१६ मध्ये कित्येक वर्षांचा खरेदी करारच झाला होता. आणि आपल्या तुरीला मात्र परदेशाचा दरवाजा बंद! निर्यातबंदी उठली ती सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे माल विकून शेतकरी मोकळा झाल्यावर.

हमीभाव होता बोनससह क्विंटलला ५०५० रुपये. मोंढ्यात भाव चार हजारांच्या आसपास, कुठं कुठं त्याच्याही खाली. म्हणजे क्विंटलमागं हजार रुपयांची खोट. वीस क्विंटल तूर झालेल्या घराचे वीस हजार गेले. म्हणून जो तो नाफेडच्या केंद्राकडे धावला. तिथं कधी बारदाना नाही, कधी गोदामात जागा नाही. ट्रॅक्टरचं भाडं रोजचं चढतंय, माणूस पोत्यांवर झोपतोय, असे दिवसच्या दिवस गेले. खरेदीची मुदत वाढत वाढत २२ एप्रिलला संपली. त्या तारखेपर्यंत नोंद झालेला माल घेऊ, असं सरकारनं जाहीर केलं आणि केंद्रानं आणखी एक लाख टनांना मंजुरी दिली. दानवे बोलले ते याच एक लाख टनाबद्दल.

आता हिशेब मांडा. २२ एप्रिलपर्यंत राज्यात सुमारे चार लाख टन तूर खरेदी झाली होती. वरचे एक लाख धरले तर पाच. पिकली वीस लाख टन. म्हणजे चार पोत्यांतलं एक पोतं सरकारनं घेतलं, तीन पोती शेतकऱ्याकडेच राहिली किंवा पडत्या भावानं व्यापाऱ्याकडे गेली. सरकारची बाजूही नोंदवली पाहिजे. एवढी तूर त्याआधी कधी सरकारनं उचलली नव्हती, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापारीही आपला माल खपवत असल्याचा संशय होता आणि खजिन्यालाही मर्यादा असतात. हे सगळं मान्य करूनही तीन पोत्यांचा प्रश्न उरतोच.

म्हणूनच वाचकहो, ‘साले’ या शब्दावर एवढा धुरळा उडाला, पण खरा खटकणारा शब्द ‘तरी’ हा होता. एवढं केलं, ‘तरी’ रडतात. या दोन अक्षरांत असं गृहीत धरलेलं आहे की सरकारनं दिलं ते उपकार म्हणून दिलं, घेणाऱ्याची झोळी भरली आणि आता त्यानं तोंड बंद ठेवावं. शिवीबद्दल दिलगिरी मागता येते, तशी ती मागितलीही गेली. पण ‘तरी’बद्दल कुणी काही बोललं नाही आणि आपणही विचारलं नाही.

हा ‘तरी’ एका माणसाचा किंवा एका पक्षाचा नाही. एप्रिल २०१३ मध्ये दुष्काळात इंदापूर तालुक्यात अजित पवार धरणातल्या पाण्यावरून जे बोलले, ते उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याला उद्देशून होतं. त्यांनी माफी मागितली, कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. २०२५ मध्ये कृषिमंत्री असताना माणिकराव कोकाटे म्हणाले की भिकारीही एक रुपया घेत नाही, आम्ही एक रुपयात पीकविमा दिला. त्याच वर्षी आपल्या परतूरचे आमदार बबनराव लोणीकर टीका करणाऱ्यांना त्यांच्या अंगावरचे कपडे अन् पायातली चप्पल सरकारमुळे असल्याचं सुनावून मोकळे झाले. शब्द वेगळे, पक्ष वेगळे, पण आतला सूर एकच आहे. आम्ही देतो, तुम्ही घेता.

आणि मतदार याचं काय करतो? २०१७ च्या त्या प्रकरणानंतर १ जूनला शेतकरी संप झाला, अर्थात पुणतांब्याची तयारी एप्रिलपासूनच होती. २४ जूनला ३४ हजार २२ कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. २०१९ मध्ये दानवे जालन्यातून तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. २०२४ मध्ये कल्याण काळे यांच्याकडून एक लाखाहून अधिक मतांनी हरले, पण तेव्हा आरक्षणापासून सोयाबीन-कापसाच्या भावापर्यंत कारणं अनेक होती. एका शब्दानं निवडणूक जात नाही, हे पुढाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे.

म्हणून शेतकरी बांधवांनो, पुढच्या वेळी कुणाची जीभ घसरली तर पुतळ्यासाठी कडबा गोळा करण्याआधी ते सबंध वाक्य एकदा नीट वाचा. शिवी कुणाला, हा वाद वकिलांवर सोडा. किती पिकलं, किती घेतलं, पैसे किती दिवसांत खात्यावर आले, हे तीन आकडे त्या पुढाऱ्याला गावात आला की सभेत उभं राहून विचारा. दिलगिरी तोंडानं मागता येते, या तीन प्रश्नांना कागद लागतो. तो कागद मागायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो मागणं म्हणजे रडणं नव्हे.