टर्बो गाडीचे ट्यूनिंग : लॅपटॉपच्या आधी मीटर

मोटार दुरुस्ती हा आपल्या बिरादरीच्या हातचा जुना धंदा. कुर्ला, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कुठेही जा, पत्र्याच्या शेडखाली एक उस्ताद आणि त्याच्या हाताखाली तीन-चार शागीर्द दिसतात. या उस्तादांचे हुन्नर त्यांच्या कानात होते. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि गाडी लयीत आली. हा स्क्रू नव्या मोटारींतून सन २००० च्या आसपासच जाऊ लागला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ देशभर लागू झाल्यावर तो बहुतेक मोटारसायकलींतूनही गेला. आता पेट्रोल किती द्यायचे हे इंजिनवरचा लहानसा संगणक ठरवतो.

त्यात टर्बोची भर पडली. २०१३ साली पोलो जीटी टीएसआय आली, २०१७ मध्ये नेक्सॉन, २०१९ मध्ये व्हेन्यू. आज मध्यमवर्गीय गिऱ्हाईकही टर्बो पेट्रोल गाडी घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहते. आणि याच दारात हल्ली लॅपटॉप घेतलेली तरुण मुले दिसू लागली आहेत. कोणाकडून तरी मिळालेली फाईल गाडीच्या संगणकात भरायची, तासाभराचे काम, पाच आकडी रक्कम आणि गाडीला "पिकअप". आमच्या मुलांनी या विद्येकडे वळू नये असे माझे म्हणणे नाही; जरूर वळावे. पण बहुतेक जण ती उलट्या टोकाकडून शिकत आहेत, आणि त्याची किंमत गिऱ्हाईकाचे इंजिन मोजते.

माझ्या भाच्याची गाडी घ्या. फाईल भरल्यावर तीन आठवडे खुशीत होता. चौथ्या आठवड्यात पुण्याहून येताना घाटात धूर निघाला. इंजिन उघडले तेव्हा चारपैकी एकाच पिस्टनची रिंगेजवळची कड तुटलेली, बाकीचे तीन ठीक. फाईल भरणाऱ्याने हात वर केले, "फाईल बरोबर होती". कदाचित असेलही. पण त्या सिलिंडरचा इंजेक्टर अर्धा बुजलेला होता आणि फाईल भरण्यापूर्वी ते कोणी तपासलेच नव्हते. साध्या चालीत तेवढे पेट्रोल पुरत होते. टर्बोचा दाब वाढवल्यावर पुरेना.

टर्बो म्हणजे काय हे आधी नीट समजून घ्यावे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चाती फिरते आणि ती ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. साध्या इंजिनाला हवा ओढून घ्यावी लागते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल, म्हणजे एक बार. टर्बोने अर्धा बार वर दिला की मॅनिफोल्डमध्ये १५० झाला. हवा जवळजवळ दीडपट, तर पेट्रोलही तेवढ्याच हिशेबाने वाढले पाहिजे. पूर्ण दीडपट नाही, कारण दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ असते. ३५ अंशांची हवा अर्ध्या बारने दाबली तर इंटरकूलरमध्ये शिरण्याआधी ती ९० अंशांच्या आसपास जाते. म्हणून संगणकाला दाबही कळावा लागतो आणि तापमानही. महाबळेश्वरला हवेचा मूळ दाबच ८६ किलोपास्कलच्या आसपास. तिथे काट्यावर तोच अर्धा बार दिसला तरी आतला खरा दाब १३६ च असतो. काट्यावरचा दाब आणि खरा दाब यांतला हा फरक ज्याला तोंडी सांगता येत नाही, त्याने अजून लॅपटॉप उघडू नये.

इथे आपल्या डिझेलच्या उस्तादांना एक गोष्ट खास सांगावीशी वाटते. भिवंडीच्या ट्रकलाइनमध्ये ज्यांची हयात गेली, त्यांना टर्बो नवा नाही. पण डिझेलची सवय पेट्रोलच्या इंजिनात घात करते. डिझेलमध्ये हवा जास्त आणि तेल कमी असले तर इंजिन थंड चालते. तेल वाढवले की उष्णता वाढते. टर्बो पेट्रोलमध्ये जोर पडत असताना पेट्रोल कमी पडले की उष्णता वाढते, नॉकिंग सुरू होते आणि पिस्टन जातो. तिथे थोडे जादा पेट्रोलच इंजिनाला थंडावा देते. मिश्रण लीन म्हणजे पेट्रोल कमी, रिच म्हणजे जास्त. डिझेलवाल्याचा हात आपसूक उलट दिशेला जातो, आणि नॉकिंगचा आवाज सायलेन्सरच्या गडगडाटात त्याच्या तयार कानालाही ऐकू येत नाही.

आता गुणोत्तर. उर्दू शाळेत आम्ही त्याला निस्बत म्हणत होतो, अर्थ तोच. शुद्ध पेट्रोलच्या एका वजनाला हवेची १४.७ वजने लागतात. या पुऱ्या हिशेबाला लॅम्डा १ म्हणतात. साध्या चालीत लॅम्डा १, आणि टर्बोचा पूर्ण जोर असताना साधारण ०.८० ते ०.८५, म्हणजे पेट्रोल हिशेबापेक्षा जास्त. लॅम्डाची भाषा आजच शिकावी, त्याला कारण आहे. २०२५ पर्यंत आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये सरासरी वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉलला हवा कमी लागते, एका वजनाला नऊच. त्यामुळे ई-२० चा पुरा हिशेब १३.५ च्या आसपास येतो. जुन्या शुद्ध पेट्रोलवर बसवलेले माप ई-२० वर तसेच चालवले तर मिश्रण आठ-नऊ टक्के लीन होते. परदेशातून आलेली फाईल कोणत्या पेट्रोलवर बनवली होती हे विचारणारा गिऱ्हाईक मी पाहिला नाही, आणि आपणहून सांगणारा ट्यूनरही नाही.

हे गुणोत्तर मोजायला वाइडबँड मीटर लागतो. गाडीत जुन्या पद्धतीचा जो ऑक्सिजन सेन्सर असतो तो फक्त लीन की रिच एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. वाइडबँड आकडा देतो. बाजारात बॉशचा एलएसयू ४.९ हा सेन्सर असलेले मीटर मिळतात. हे हत्यार पहिले घ्यावे, लॅपटॉप नंतर. पण मीटरवरही आंधळा भरवसा नको. तो चारही सिलिंडरांची सरासरी दाखवतो. तीन सिलिंडर रिच आणि एक लीन असेल तर आकडा सुरेख दिसेल आणि पिस्टन मात्र जाईल. भाच्याच्या गाडीत तेच झाले असणार. म्हणून इंजेक्टर काढून, बेंचवर लावून, चारही नळ्यांत सारखे पेट्रोल पडते का ते आधी पाहावे.

इंजेक्टरचा हिशेबही कागदावर करता येतो. इंजेक्टर ही नुसती उघडझाप करणारी तोटी आहे; किती वेळ उघडी ठेवायची एवढेच संगणक ठरवतो. ६,००० फेऱ्यांवर एका चक्राला २० मिलिसेकंद मिळतात. त्यांतले ८० टक्के, म्हणजे १६ मिलिसेकंद, ही सुरक्षित हद्द मानावी. त्यातही तोटी उघडायलाच सुमारे एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरी उतरलेली असली तर त्याहून जास्त. १५० हॉर्सपॉवरच्या चार सिलिंडरी टर्बो इंजिनाला ताशी प्रत्येक हॉर्सपॉवरमागे २७० ग्रॅम पेट्रोल धरले तर एकूण सुमारे ४० किलो होते. चारांत वाटले तर दहा. ८० टक्क्यांची हद्द लावली की प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला २८५ घनसेंटिमीटरच्या आसपास देणारा हवा. बाजारात ३०० चा घ्यावा. पाचवी पास शागीर्दालाही हा हिशेब समजावून सांगता येतो, आणि तो समजलेला मुलगा २०० चा इंजेक्टर लावून वर दाब वाढवणार नाही.

पेट्रोलच्या दाबाचे तसेच. पंप तीन बार देतो आणि इंजेक्टरच्या तोंडाशी टर्बोचा अर्धा बार उलटा रेटतो, तर हातात राहिले अडीच, आणि पेट्रोल नऊ टक्के कमी झाले. म्हणून रेग्युलेटरची नळी मॅनिफोल्डला जोडलेली हवी, म्हणजे तिकडे दाब वाढला की इकडेही तेवढाच वाढतो. ही चार आण्याची रबरी नळी फाटलेली आहे हे न पाहता लॅपटॉपवर आकडे बदलत बसणारे लोक आहेत.

शिकायची सुरुवात गिऱ्हाईकाच्या गाडीवर कधीच करू नये. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून एखादे टर्बो नसलेले जुने एमपीएफआय इंजिन आणावे, स्टँडवर चढवावे आणि त्याला खुला संगणक लावावा. अमेरिकेतल्या बोलिंग आणि ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट नावाचा संच काढला, तो घरी जोडून शिकण्यासाठीच होता. त्यानंतर स्पीडुइनो आला, तो तर आर्डुइनोच्या स्वस्त बोर्डावर चालतो आणि त्याची सारी रचना खुली आहे. कुलूप लावलेल्या कंपनीच्या संगणकात फाईल कोंबून जे कळत नाही ते इथे कळते: कोणत्या आकड्याने काय होते. पोलो आणि व्हेन्यूसारख्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, फार मोठ्या दाबाने जाते. नवशिक्याची शाळा तिथे नाही.

कामाचा क्रमही सांगतो. आधी इंजिनची तब्येत: कॉम्प्रेशन, प्लग, अर्थिंगच्या तारा, पाइपांतून हवा गळते का. मग टर्बोचा दाब सर्वांत कमी ठेवून आयडलिंग आणि साधी चाल बसवावी. मग थोडा थोडा जोर. स्पार्कचे टाइमिंग सुरुवातीला मुद्दाम उशिराचे ठेवावे. ताकद थोडी कमी मिळेल, पण इंजिन वाचेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लिहून ठेवावी. आम्ही कापडवाले रोजकीर्द लिहिल्याशिवाय दुकान बंद करत नाही. ट्यूनिंग करणाऱ्याचीही रोजकीर्द हवी: तारीख, तापमान, कोणत्या पंपाचे पेट्रोल, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. कुलूप घातलेली फाईल विकणाऱ्याकडे अशी वही नसते, यावरूनच त्याला ओळखावे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ नव्या रूपात आले. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते ती वेगळी. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकणे तर सरळसरळ दुसऱ्यांच्या श्वासात विष सोडणे आहे. गिऱ्हाईकाला यातले काही न सांगता पैसे घेणे ही माझ्या मते मापात मारण्यासारखीच गोष्ट आहे, आणि मापात मारण्याबद्दल आपला दीन काय सांगतो हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको.

मग ही विद्या शिकून कमवायचे काय? शर्यतीच्या गाड्यांचे काम आहे, कोइम्बतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांना ट्यूनर लागतातच, पण ते थोडक्या हातांचे काम. खरी रोजी निदानात आहे. ज्याने स्टँडवरच्या इंजिनात स्वतः पेट्रोलचा तक्ता भरला, तो स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा आकडा पाहून सांगतो की संगणक वीस टक्के जादा पेट्रोल देतो आहे, म्हणजे कुठे तरी हवा गळते आहे नाहीतर पंप थकला आहे. आयडलिंगला आकडा जास्त आणि जोरात कमी, तर बहुधा गळती. जोरात जास्त, तर पंप किंवा फिल्टर पाहावा. ज्याला हे येत नाही तो एकेक सेन्सर बदलत बसतो आणि बिल फुगवतो. शोरूमच्या वर्कशॉपमध्येही हा प्रकार चालतो, म्हणून अचूक निदान करणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक लांबून येते. यंत्रमागातही आपण हे पाहिले आहे. रेपिअर माग आले तेव्हा ज्या जॉबरने इलेक्ट्रॉनिक पॅनेल समजून घेतले त्याला मालक घरी गाडी पाठवून बोलावू लागले, आणि ज्याने "हे आपले काम नाही" म्हटले तो नुसता तेल-पाणी करत राहिला.

भांडवलाचे म्हणाल तर एकट्याने सारे घ्यायची गरज नाही. एका मोहल्ल्यातल्या पाच-सहा गॅरेजवाल्यांनी शिरकतीत पेटी घ्यावी: वाइडबँड मीटर, पेट्रोलच्या दाबाचा गेज, कॉम्प्रेशन गेज, एक बरा स्कॅनर, इंजेक्टर तपासायचा बेंच. कोणाची ऐपत कमी असेल तर बिनव्याजी कर्ज देणाऱ्या आपल्या संस्थांनी अशा पेटीला हात द्यावा. लग्नाच्या जेवणासाठी दिलेल्या कर्जापेक्षा ते लवकर परत येईल. भायखळ्याच्या साबू सिद्दीकमध्ये ऑटोमोबाईलची विद्या शिकवली जाते. तिथून बाहेर पडलेल्या इंजिनिअरने महिन्यातून दोन रविवार या मिस्त्रींना दिले तर दोघांचा फायदा. सॉफ्टवेअर सारे इंग्रजीत आहे ही अडचण खरी, पण त्यात वारंवार येणारे शब्द साठ-सत्तरच्या वर नाहीत. ते उर्दू आणि मराठीत लिहून एका पानावर छापले की काम भागते.

पेटी कोणाच्या गॅरेजात राहणार यावरून भागीदारी फुटते हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. म्हणून महिन्याची पाळी आधीच कागदावर लिहून घ्यावी, आणि वाइडबँडचा सेन्सर वापराने थकतो, तेव्हा प्रत्येक गाडीमागे ठरावीक रक्कम नव्या सेन्सरसाठी पेटीतच बाजूला टाकावी.