ऊस गोड लागला म्हणून...



दिवाळी तोंडावर आली की आमची फिरती वाढते. तोडणीचा प्रोग्रॅम, नोंदी, लागणीची पाहणी अशी कामे घेऊन वस्तीवर गेलो की कामाआधी फराळाचे ताट पुढे येते. नको म्हटले की घरची माउली म्हणते, "सणाचं काय नको म्हणताय साहेब? एवढ्यानं काय होतंय, घ्या की!" आम्ही घेतो. पुढच्या वस्तीवर पुन्हा तेच. मागल्या दिवाळीनंतर आम्ही रक्त तपासले, तेव्हा डॉक्टरांनी कागद पुढे करून विचारले, "रिकव्हरी उसाची वाढवायची, का रक्तातली?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यांत देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. हा शहरातल्या शेठजींचा रोग, असे म्हणायचे दिवस गेले. आपल्या वाडीवरही घरोघरी गोळीची पाकिटे दिसतात.

जरा हिशेब मांडू. एक किलो बेसनाला पाऊण किलो पिठीसाखर आणि अर्धा किलो तूप धरले, तर पन्नास ग्रॅमचे 45 लाडू होतात. म्हणजे एका लाडवात सुमारे 17 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली जी मर्यादा सांगितली, तिच्या हिशेबाने दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी. 25 च्या आत असेल तर आणखी चांगले. तीन लाडवांत दिवसाचा कोटा संपला! चहा, करंजी, शंकरपाळी अजून बाकीच आहेत. "आम्ही गुळाचं खातो" असे कोणी म्हणेल. गूळही बहुतांशी साखरच. मधुमेह्याला त्यात सूट नाही.

मग सण करायचाच नाही काय? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. तीन दिवस तांदूळ भिजवून केलेला अनारसा वर्षातून एकदाच मिळतो. तो खावा, आणि चवीने खावा. पण पिकाला पाणी आपण कसे देतो? वाफसा आला की दुसरी पाळी. पाटाला पाणी आहे म्हणून सोडतच राहिलो, तर ऊस वाढत नाही, रान मात्र चोपण होते. पोटाचेही तसेच. पहिले पचून भूक लागली, म्हणजे वाफसा आला. मग दुसरा लाडू.

घरात करण्यासारख्या गोष्टी सोप्या आहेत. लाडू लिंबाएवढे वळावेत. पाहुण्यापुढे ताटाऐवजी बशी ठेवावी आणि दुसऱ्यांदा आग्रह करू नये. सकाळचा फराळ न्याहारीच्या जागी घ्यावा, न्याहारीवर नव्हे. मळ्यात मोटारसायकलीवर न जाता चालत जावे. आपले वडील मोटेमागे, नांगरामागे दिवसभर राबत, म्हणून त्यांना चार लाडू पचत. आपण बटण दाबून मोटार चालू करतो. ज्यांना गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे त्यांनी सणात ते चुकवू नये आणि काय किती खावे हे डॉक्टरांना विचारावे.

साखर कारखान्याचा माणूसच साखर कमी खा म्हणतो, हे काय, असेही कोणी विचारील. सवलतीच्या साखरेसाठी आपण रांग लावतो हे खरे. पण ती सगळी पाच दिवसांत संपवलीच पाहिजे असा ठराव कोठल्याही वार्षिक सभेत झालेला नाही! कारखाना सभासदाच्या चार जादा लाडवांवर चालत नाही. तो धडधाकट सभासदाच्या कष्टावर चालतो.

शेवटी एक सुचवतो. हंगामाच्या तोंडाला बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात. कित्येकांची दिवाळी आपल्या फडाकडेच्या कोपीत होते. त्यांच्या पोरांसाठी एक डबा पाठवा. उरलेसुरले नव्हे, पहिल्या घाण्याचे पाठवा. डब्यातले कमी होईल, सणातले वाढेल.

ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये, हे आपल्याच वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. ऊसवाल्यांनी तरी ते विसरू नये. दीपावलीच्या सर्वांना शुभेच्छा!

– ऊस विकास अधिकारी