गुडघा गेला तर काय?

रात्रीची प्रेप संपली की आमच्या डॉर्ममध्ये दोनच विषय निघायचे, एनडीए आणि फुटबॉल. या टर्ममध्ये तिसरा आला आहे, अमेरिका. बारावी झाली की तिकडच्या कॉलेजच्या टीममधून खेळायचे, शिक्षण फुकट, आणि नशीब असेल तर पुढे प्रोफेशनल क्लब. ही चर्चा करणाऱ्यांत मीही आहे. मी दहावीत आहे, लेफ्ट बॅक खेळतो. घर कोल्हापूरचे, म्हणजे जिथे तालमींच्या नावाने फुटबॉलच्या टीम असतात आणि पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असली की शाहू स्टेडियमवर बसायला जागा मिळत नाही. त्यामुळे हे वेड मला शाळेत लागले असे उस्ताद म्हणतात, ते काही खरे नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपण सगळे चुकीचा प्रश्न विचारत आहोत. ‘डिव्हिजन १ मध्ये कसे जायचे?’ हा तो प्रश्न. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत मीही तोच विचारत होतो.

सुट्टीत एका एजंटचा बाबांना फोन आला. माझा व्हिडिओ त्याने कुठेतरी पाहिला होता म्हणे. फुल स्कॉलरशिपची गॅरंटी, फक्त आधी दीड लाख भरायचे. बाबा सुभेदार म्हणून रिटायर झाले आहेत. त्यांनी पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढेच विचारले, “पोराचा गुडघा गेला तर काय?” पलीकडच्या माणसाला हा प्रश्न आधी कोणी विचारला नसावा. तो परत स्कॉलरशिपवरच बोलायला लागला आणि बाबांनी फोन ठेवला. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही. मग स्वतः माहिती शोधायला बसलो, खरे तर बाबांना चुकीचे ठरवायला.

झाले उलटेच. अमेरिकेतला बहुतेक कॉलेज खेळ एनसीएए या संस्थेखाली चालतो आणि तिच्यात तीन डिव्हिजन आहेत. एनएआयए ही दुसरी संस्था आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची एनजेसीएए ही तिसरी. आता गॅरंटीचे गणित बघा. अनेक वर्षे डिव्हिजन १ च्या मुलांच्या फुटबॉल टीमला सगळ्या मिळून ९.९ स्कॉलरशिप असायच्या. टीममध्ये मुले पंचवीस-तीस. म्हणजे कोच एकच भाकरी मोडून सगळ्यांना वाटणार. एकाला अर्धी, दुसऱ्याला चतकोर, तिसऱ्याला नुसती जर्सी. २०२५ मध्ये नियम बदलला. नव्या पद्धतीत आलेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपची मर्यादा नाही, टीम मात्र जास्तीत जास्त २८ जणांची. पण मर्यादा उठली म्हणून कॉलेजच्या तिजोरीत पैसे आपोआप वाढत नाहीत. तिकडच्या अनेक खासगी विद्यापीठांत वर्षाचा सगळा खर्च ८०,००० डॉलरच्या वर जातो. चतकोर मिळाली तर बाकीची भाकरी कुणी आणायची? व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे पैसे आधी दाखवावे लागतात, आणि सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. सुभेदाराच्या पेन्शनीत हे बसत नाही.

डिव्हिजन ३ मध्ये तर खेळासाठी स्कॉलरशिपच नसते. आमच्या डॉर्ममध्ये ‘थ्री’ म्हटले की हसतात. मीही हसायचो. मग कळले की एमआयटी फुटबॉलमध्ये डिव्हिजन ३ लाच खेळते. हसणे बंद झाले. अ‍ॅमहर्स्ट नावाचे एक छोटे कॉलेज आहे. २०१५ मध्ये ते डिव्हिजन ३ चे चॅम्पियन झाले. तिथे परदेशी मुलाला प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिला की घराला जेवढे झेपत नाही तेवढी मदत कॉलेज करते. म्हणजे जिथे फुटबॉलसाठी एक डॉलर मिळत नाही, तिथे माझ्यासारख्याला गॅरंटीवाल्यापेक्षा जास्त मिळू शकते. अट एकच, प्रवेश मिळवायचा. आणि तो प्रवेश भयंकर कठीण आहे, कोच बाजूने असला तरी मार्क लागतातच.

शिवाय खालून वर जायची वाट बंद नसते. २०२४ च्या डिव्हिजन १ फायनलमध्ये व्हर्माँटने मार्शलला २-१ ने हरवले. एक्स्ट्रा टाइममधला तो शेवटचा गोल मॅक्सिमिलियन किसेल या जर्मन मुलाचा. तो आधी स्लिपरी रॉक नावाच्या डिव्हिजन २ च्या विद्यापीठात खेळत होता. (नाव खरेच स्लिपरी रॉक आहे, मी दोनदा तपासले.) पण या उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. तिकडे आपली स्पर्धा अशा मुलांशी आहे, जी युरोपात वाढली आणि आपल्याहून दोन-चार वर्षांनी मोठी आहेत. सुब्रतो कपच्या वेळी ईशान्येकडच्या एका शाळेने आम्हाला पाच गोल मारले. त्यातले दोन माझ्या बाजूने आले. हे मी विसरलेलो नाही.

सुनील छेत्री तर आपल्यासारखाच फौजीचा मुलगा. २०१० मध्ये तो कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे गेला तेव्हा भारताकडून पाच वर्षे खेळून झाला होता. तरी लीगची एक मॅच न मिळता परत आला. त्याची ही कथा, तर मी कोण?

म्हणून मला बाबांचाच प्रश्न बरोबर वाटतो. कॉलेजचा सीझन ऑगस्टअखेर सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत संपतो. उरलेले वर्ष सराव आणि वर्ग, वर्ग आणि सराव. उद्या गुडघा गेला, तर त्या वर्गात बसायला मला आवडेल का? त्या डिग्रीचे काही होईल का? फी कोण भरेल? याला ‘हो’ आणि ‘कॉलेज’ अशी उत्तरे येत असतील तर डिव्हिजन कुठलीही असो, जावे. नाही तर डिव्हिजन १ असले तरी जाऊ नये.

एक मित्र म्हणतो, “भावा, सरकारने आपल्यावर एवढा खर्च केला, आणि तू पळतोयस.” याने मला झोप लागत नाही, हे खरे आहे. एनडीएसाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीस. चार वर्षांनी परत आलो तर ते दार बंद. सीडीएसचे दार उघडे असते, पण त्यासाठी परदेशी डिग्रीला इथे समकक्षता मिळायला हवी. माझे म्हणणे एवढेच, की एनडीए हुकली तर अमेरिका, असे ठरवून बसू नका. बारावीत तो विचार करायला उशीर झालेला असतो. एनसीएए नववीपासूनचे विषय मोजते. १६ कोअर कोर्स, आणि डिव्हिजन १ साठी सरासरी २.३. डिव्हिजन १ चे कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून खेळाडूला मेल करू शकतात, म्हणजे आपल्यातल्या काहींची वेळ आलीच आहे.

मी दोन्ही करणार आहे. एनडीएचा फॉर्म भरणार, आणि उस्तादांकडून एक पूर्ण मॅच शूट करून घेणार, चुकलेल्या टॅकलसकट. हे रविवारच्या फोनवर बाबांना सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ठीक आहे. नववीला गणितात किती होते रे?”

चौपन्न होते.