न लागणारे दार बंदच बरे

हिरकणीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, पहारेकरी जागेवर होते, तरीही ती माउली कडा उतरून आपल्या बाळाकडे गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला, असे कथा सांगते. गौरव आपल्या लक्षात राहतो, पण मला बुरूजही तितकाच महत्त्वाचा वाटतो. जी वाट कोणी हिशेबात धरलीच नव्हती, ती कळताच बंद केली गेली.

घरच्या संगणकातही अशा वाटा असतात. आपण एखादा धडा वाचत असतो, तेव्हा मागे शंभराहून अधिक सर्व्हिसेस हजर असतात. त्यांतल्या काही नेटवर्कवरून येणाऱ्या हाकेला उत्तर द्यायला तयार बसलेल्या असतात: फाइल शेअरिंग, छपाई, दुरून संगणक हाताळणे. ज्यांची आपल्याला गरज नाही, त्या बंद कराव्यात असे माझे मत आहे.

12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' जगभर पसरला. त्याने संगणकांतील फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागितली. एका संगणकातून दुसऱ्यात जायला त्याला कोणी काही क्लिक करण्याची गरज नव्हती. 1980च्या दशकातल्या एसएमबी-1 या फाइल शेअरिंग पद्धतीतून तो शिरत होता. पश्चिम बंगालमध्ये पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातल्या वीज वितरण कंपनीच्या काही कार्यालयांना त्याचा फटका बसला. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक हीच फट होती. त्याने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

यावर कोणी म्हणेल, की मायक्रोसॉफ्टने त्या फटीची दुरुस्ती 14 मार्च 2017 रोजीच दिली होती, म्हणून अपडेट केले की पुरे. अपडेट हवेच. पण अपडेट येते ते दोष सापडल्यावर. बंद असलेल्या सर्व्हिसमधला दोष अजून कोणाला सापडला नसला, तरी त्यातून आत येता येत नाही.

दुसरा आक्षेप राउटरचा. बाहेरून येणाऱ्या बहुतेक हाका घरचा राउटर अडवतो, हे खरे. पण पाहुण्यांचा लॅपटॉप आपल्याच वायफायवर येतो आणि आपला लॅपटॉप हॉस्टेल, स्टेशन, विमानतळ अशा ठिकाणच्या वायफायवर जातो. तिथे घरचा राउटर सोबत नसतो.

न्यू टाउनला आमच्या घरी प्रिंटर नाही. छापायचे असेल तर आई झेरॉक्सच्या दुकानात जाते. तरीही आमच्या संगणकात 'प्रिंट स्पूलर' ही छपाईची सर्व्हिस रोज आपोआप सुरू होत होती. 2021च्या जुलैत याच सर्व्हिसमधला 'प्रिंटनाइटमेअर' नावाचा गंभीर दोष गाजला, तेव्हा ती बंद ठेवणे हा एक उपाय मायक्रोसॉफ्टनेच सुचवला होता. ती बंद केल्याने संगणक वेगवान होत नाही, हे बाबांचे म्हणणे बरोबर आहे. शिवाय 'प्रिंट टू पीडीएफ'ही बंद पडते. ती किंमत ज्याला परवडत नाही, त्याने ती चालूच ठेवावी. गरज ज्याची त्यानेच ठरवायची, पण ठरवायची मात्र नक्की.

याचा अर्थ यादी उघडून दिसेल ते बंद करत सुटणे नव्हे. अपडेट, फायरवॉल आणि अँटिव्हायरस यांना हात लावायचा नाही, कारण ते पहारेकरी आहेत. ज्या नावाचे काम कळत नाही, तेही तसेच राहू द्यावे. एका वेळी एकच सर्व्हिस बंद करावी, आधीची सेटिंग वहीत लिहावी आणि दोन दिवस पाहावे. काही अडले तर पुन्हा चालू करता येते.

संत्री नेमताना आधी दारे मोजतात. दारे जितकी कमी, तितका पहारा पक्का. घरच्या संगणकात आपली छायाचित्रे असतात, आजीच्या औषधांचे कागद असतात, बाबांचे ऑफिसचे काम असते. या सुट्टीत घरी गेल्यावर आईबाबांना शेजारी बसवून ती यादी एकदा उघडा आणि प्रत्येक ओळखीच्या नावापुढे एकच प्रश्न विचारा: हे आपल्याला लागते का?