शर्यतीतले सगळेच रस्त्यावर कशाला यायला हवे?

ऑक्टोबर २०१३. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर सेबास्टियन व्हेटेलने सलग तिसऱ्यांदा फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री जिंकली, चौथे जगज्जेतेपद खिशात घातले आणि मुख्य प्रेक्षागारासमोर गाडी गरागरा फिरवून टायरचा धूर केला. त्याच्या रेड बुलमधल्या २.४ लिटरच्या रेनॉ व्ही-८ इंजिनाला मिनिटाला १८,००० फेरे घ्यायची नियमाने मुभा होती. कानाचे पडदे थरथरवणारा तो आवाज या फेऱ्यांचाच. पण एवढ्या वेगाने उघडमीट करणाऱ्या झडपा मिटवायला त्या इंजिनात पोलादी स्प्रिंग नव्हती. ते काम दाबलेला वायू करत होता.

शर्यत ही मोटारींची प्रयोगशाळा आहे, आज ट्रॅकवर जे दिसते ते उद्या तुमच्या दारातल्या गाडीत येते, असे वाहन कंपन्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. यात तथ्य नाही असे नाही. डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार १९५३ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकली आणि पुढे ते ब्रेक घरोघरी पोचले. पोर्शने ऐंशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिलेला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फमध्ये विकायला आला. वायूवर चालणाऱ्या झडपा मात्र १९८६ पासून शर्यतीत आहेत, आणि सर्वसामान्यांच्या गाडीत त्या अजून आलेल्या नाहीत. येणारही नाहीत. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. उलट ‘रस्त्यावर उपयोग काय?’ हा एकच प्रश्न विचारून शर्यतीतले तंत्र मोजायची सवयच मोडायला हवी.

मुळात अडचण काय होती ते पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक झडप एकदा उघडते. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० वेळा, १८,००० म्हणजे १५० वेळा. उघडण्याचे काम सोपे, कॅमचा फुगवटा झडपेला रेटून खाली ढकलतो. मागे खेचून आणण्याचे काम स्प्रिंगचे, आणि घोडे पेंड खाते ते इथे. फेरे तिप्पट झाले की झडपेला तितक्याच अंतरात मागे फिरवायला लागणारे बल नऊपट होते. स्प्रिंग कमी पडली तर कॅम पुढे निघून जातो आणि झडप अधांतरी राहते. तेवढ्यात खालून पिस्टन वर येतो. पुढचे सांगायला नको.

मग स्प्रिंग जास्त ताठ करावी? तशी केली की ती जड होते, आणि तिचे स्वतःचे वजनही त्याच वेगाने हलवावे लागते. तिच्या वेटोळ्यांतून लाटा धावू लागतात, धातू थकतो, एक दिवस तुकडा पडतो. शिवाय ती ताठ स्प्रिंग दाबण्यात इंजिनाची स्वतःचीच ताकद खर्च होते, कॅम झिजतो तो वेगळाच.

रेनॉचे अभियंते ज्याँ-पिएर बुदी यांनी ही स्प्रिंगच काढून टाकली. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबला की तो उसळून वर येतो. त्यांच्या रचनेत झडपेच्या दांड्यावर एक छोटा पिस्टन बसतो आणि त्याच्याखालच्या बंद कप्प्यात दाबाखालचा वायू, बहुधा नायट्रोजन, नेमके हेच करतो. कॅमने झडप ढकलली की वायू आवळला जातो, कॅम सरकला की तो झडपेला वर फेकतो. वायूला वजन जवळजवळ नाहीच, त्याला वेटोळी नाहीत, थकवाही नाही. आणि जितके जास्त दाबावे तितका तो अधिकाधिक जोराने विरोध करतो, म्हणजे जिथे बळ सर्वात जास्त हवे तिथेच ते मिळते.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. वायू थोडा थोडा गळतो. म्हणून गाडीत वायूची छोटी बाटली आणि दाब राखणारा रेग्युलेटर बसवावा लागतो. इंजिन बंद असतानाही कप्प्यातला दाब टिकवावा लागतो, नाहीतर झडपा सिलिंडरमध्ये लोंबू लागतात. शर्यतीत गळती वाढली, की चांगले चाललेले इंजिनही बंद करावे लागू शकते. मेकॅनिकांची फौज दिमतीला असलेल्या संघाला हे परवडते.

१९८६ मध्ये अशा झडपांचे रेनॉ इंजिन लोटसमध्ये बसले. चालवायला आयर्तन सेना. त्याच मोसमात जेरेझला त्याने नायजेल मॅन्सेलला ०.०१४ सेकंदाने मागे टाकले. पण विजेतेपद दुसरीकडे गेले आणि मोसम संपताच रेनॉने गाशा गुंडाळला. तो टर्बोचा जमाना होता. ताकद वाढवायला टर्बोचा दाब वाढवणे हा सोपा मार्ग हाताशी होता. बुदींच्या कल्पनेचे खरे मोल कळले ते १९८९ मध्ये. त्या वर्षी टर्बोवर बंदी आली आणि ३.५ लिटरची मर्यादा पडली. आकार वाढवता येत नाही, हवा जबरदस्तीने कोंबता येत नाही, मग ताकद काढायची कशातून? फेऱ्यांतून. विल्यम्सबरोबर परतलेल्या रेनॉकडे त्याची किल्ली आधीपासूनच होती. १९९२ ते १९९७ अशी सलग सहा वर्षे संघांचे जगज्जेतेपद रेनॉच्या इंजिनावर धावणाऱ्या गाड्यांनी नेले, पाच वेळा विल्यम्सने, एकदा बेनेटनने. श्रेय एकट्या झडपांचे नव्हे, विल्यम्सच्या गाड्याही तेव्हा सर्वांच्या पुढे होत्या. पण प्रतिस्पर्ध्यांनी एकामागून एक पोलादी स्प्रिंग सोडली, हे पुरेसे बोलके आहे. २००६ मध्ये कॉसवर्थच्या व्ही-८ ने २०,००० चा आकडा गाठला. पुढच्याच वर्षी नियमाने १९,००० ची मर्यादा घातली, २००९ मध्ये १८,००० ची. झडपा थकल्या नव्हत्या, नियमाने त्यांना आवरले.

वायू हे एकच उत्तर होते असेही नाही. डुकाटीने १९५६ मध्येच फाबिओ तालिओनी यांच्या हातून दुसरी वाट धरली होती: डेस्मोड्रोमिक. तिच्यात झडप उघडायला एक कॅम आणि बंद करायलाही कॅमच, स्प्रिंगच्या भरवशावर काही सोडायचेच नाही. मोटारसायकलींच्या मोटोजीपी मालिकेत यामाहा आणि होंडा वायूकडे वळल्या, डुकाटी हलली नाही. बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी आली तेव्हा पहिल्या दोन क्रमांकांवर मार्को बेझेकी आणि होर्हे मार्टिन यांच्या डुकाटी होत्या, तिसऱ्यावर यामाहाचा फाबिओ क्वार्तरारो. भारतात झालेल्या या दोन्ही मोठ्या मालिकांच्या शर्यती साध्या स्प्रिंगशिवाय जिंकल्या गेल्या.

आता रस्त्याकडे वळू. होंडाच्या एस२००० ने १९९९ मध्ये पोलादी स्प्रिंगवरच मिनिटाला ९,००० च्या आसपास फेरे गाठले होते. कात्रजचा घाट चढणाऱ्या गाडीला त्याच्या निम्मेही पुरतात. मग गळणाऱ्या वायूचे लोढणे कशाला?

तरी एका कंपनीने हट्ट केला. मर्सिडीजने आपले फॉर्म्युला वनचे इंजिन वायूच्या झडपांसकट ‘एएमजी वन’ या रस्त्यावरच्या गाडीत घातले. २०१७ मध्ये गाजावाजा करून दाखवलेली ही गाडी गिऱ्हाइकांच्या हाती पडायला पाचाहून अधिक वर्षे लागली. गाड्या फक्त २७५, किंमत वीस लाख युरोंच्या वर, आणि इंजिन ५०,००० किलोमीटरला खोलावे लागते. अभियांत्रिकीचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण ‘शर्यतीतून रस्त्यावर’ या घोषणेची एवढी महागडी परीक्षा दुसरी झाली नसेल.

त्यापेक्षा डुकाटीने अधिक शहाणपण दाखवले. डेस्मो ही तिची ओळख. जाहिरातीत, टी-शर्टवर, चाहत्यांच्या गप्पांत तिचा अभिमान मिरवला जातो. तरी लांबच्या प्रवासासाठीच्या मल्टिस्ट्राडा व्ही-४ करिता २०२० मध्ये नवे इंजिन आणताना तिने डेस्मो बाजूला ठेवून साधी स्प्रिंग बसवली. चाहते कुरकुरले. कंपनीने त्यांच्यापुढे एकच आकडा ठेवला: आता टॅपेट तपासायचे ते थेट ६०,००० किलोमीटरला.