ओवीचे कौतुक करताना

जुनी गाणी कानावर पडली की ‘किती सुखाचे दिवस होते ते!’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. मला हे पटत नाही.

जात्यावरच्या ओव्याच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्या काही फुरसतीत जन्मल्या नाहीत. पहाटेच्या अंधारात दळणाचा कंटाळा जावा म्हणून बायका गात.

आमच्या सावंतवाडीकडे तर दळणाऱ्या कित्येकजणी नवरा असून एकट्या होत्या. तो मुंबईच्या कापडगिरणीत, गाळ्यात राहणारा, खानावळीत जेवणारा, चतुर्थीला घरी येणारा. चाकरमान्याच्या एकटेपणाविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण शेती, गुरे, म्हातारी माणसे, मुले सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोचे काय? तिला आधार मनीऑर्डरीचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अनेक घरांत तोही तुटला.

एका गिरणीने तिचा नवरा नेला, पिठाच्या गिरणीने तिचे जाते थांबवले. माझ्या आजीला ओव्या विसरल्याची हळहळ वाटते. जाते गेल्याची मुळीच वाटत नाही.

तेव्हा स्नेहसंमेलनात ओवी जरूर म्हणावी. मात्र घरी आई एकटीच राबत असेल, तर आधी तिच्या हातचे काम घ्यावे. मग गाणे ऐकायला तीही मोकळी होईल.